साडूंचा चकवा

माणसाला साडू असू नये. असलाच तर तो दुसऱ्या जिल्ह्यात असावा. माझे साडू धुळ्याला चित्रकलेचे मास्तर होते तोवर माझा संसार सुखाचा होता. निवृत्त होऊन ते जळगावला, आमच्याच कॉलनीत राहायला आले आणि आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ भाऊजींचं कौतुक सुरू झालं. माणूस तसा तऱ्हेवाईक. धुळ्याहून जळगावला यायचे ते मुद्दाम चाळीसगावला वळसा घालून. का, तर सरळ रस्त्यानं लवकर पोचतो. "आणि लवकर पोचून करायचं काय, साडूभाऊ?" असं वर मलाच विचारणार! भरीत वाढलं की आधी त्याचा रंग न्याहाळत बसतात. तोवर भाकरी गार होते. माझी गार झाली तर बायको म्हणते, "पेपर ठेवा आधी." त्यांची झाली की दुसरी गरम येते.

कॉलनीच्या बाग समितीचा अध्यक्ष मी. चालायला ट्रॅक हवा म्हणून मी सभांवर सभा घेतल्या. हजर कोण, तर मी आणि चहा. साडूंनी एका रविवारी बागेच्या उजाड कोपऱ्यात चुन्याच्या फक्कीनं, नुसत्या हातानं, एकात एक गोल काढले आणि म्हणाले, "इथं दगडांची चक्रव्यूहासारखी वाट करू. वळत वळत मध्यापर्यंत जायचं, त्याच वाटेनं बाहेर यायचं."

"मग जायचंच कशाला?" मी विचारलं. लोक माझ्या बोलण्यावर हसले आणि दगड आणायला त्यांच्यासाठी गेले! कुणी फैजपूरच्या शेताच्या बांधावरचे आणले, कुणी अमळनेरहून नदीतले. रशीदभाई मिस्तरी सुतळी-खुंट्या घेऊन आपणहून आले. समोरच्या मावशींना तेवढी शंका आली, "सर, चक्रव्यूह म्हणजे अभिमन्यू गेला तोच ना?" मला आशा वाटली. पण साडू म्हणाले, "मावशी, त्याला बाहेरची वाट ठाऊक नव्हती. इथं जी आत नेते, तीच बाहेर आणते." मावशी तिथंच पदर खोचून दगड रचायला बसल्या. गवत खराब होईल असा ठराव मी मांडला, तर विरोधात पहिला हात माझ्या बायकोचा. लोकांनी त्या जागेला 'चकवा' नाव दिलं, आणि मी अध्यक्षाचा 'चकव्यावाल्या सरांचा साडू' झालो.

काम पुरं झालं त्या संध्याकाळी मी मुद्दाम खोड काढायला गेलो. दगड कुठं तिरका दिसतोय का ते बघत होतो, तर आत अक्का चालत होती. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंची मंडळी. अलीकडे ती विसरू लागली होती. धुळ्याला एकदा भाजी आणायला म्हणून गेली ती बसस्टँडवर रडताना सापडली. तेव्हापासून साडू तिचा हात सोडत नसत. आज ते कडेला बसले होते आणि ती एकटी, पदर सावरत, ऐटीत चालली होती.

"हात सोडलात?" मी घाबरून विचारलं.

"इथं सोडता येतो, साडूभाऊ. एकच वाट आहे. चुकायला दुसरी नाहीच."

अक्का वळणं घेत बाहेर आली. चेहरा उजळला होता. साडूंसमोर थांबून तिनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि माहेरच्या अहिराणीत, अनोळखी माणसाला गाव विचारावं तसं विचारलं, "तुम्ही कथाना?"

मी मान खाली घातली. साडू मात्र उठून उभे राहिले. "मी धुयाना शे," ते म्हणाले.

"मी बी धुयानी!" अक्का हरखली. "मंग चला ना, आत भारी शे."

पाहुण्यानं चालावं तसे ते अदबीनं तिच्या मागून निघाले. ती वळणावळणावर थांबून त्यांना वाट समजावून सांगत होती आणि ते जणू पहिल्यांदाच ऐकत होते.

दिवेलागण झाली तरी मी कडेलाच उभा होतो. घरी बायको वाट बघत असणार. पण पाय निघेना. तिचा हात असा सोडायची वेळ माझ्यावर आली, तर तिच्यासाठी असं काही मला सुचेल का, हेच कळत नव्हतं.