न कुरतडलेला कागद

चाकणच्या आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल करणाऱ्या माणसाला आम्ही सगळे मामा म्हणायचो. नाव कुणी विचारलंच नाही. उंदीर उचलण्याआधी ते तळवे चोळून ऊबदार करायचे.

प्रयोगासाठी आतड्याला सूज आणलेल्या उंदरांना माझं औषध चालू होतं. सूज वाढवणारं एन्झाइम ते अडवत होतं. आकडे छान होते, मी खुशीत होते.

मामांनी पिंजरा पुढे धरला. आतला मऊ कागद जसाच्या तसा पडला होता.

"धडधाकट उंदीर कागद कुरतडून घर करतो, मॅडम. ज्याचं पोट दुखतंय, तो घर करत नसतो. औषध लागू पडत नाही."

"तुम्ही पिंजरे धुवा मामा, निष्कर्ष मी काढते," मी फटकारलं. ते पिंजरे धुवायला गेले.

महिन्याभरात मामांचंच खरं ठरलं, औषध बाद झालं. मान खाली घालून त्यांच्याकडे गेले, तर डबा न उघडताच बसलेले. माफी मागण्याऐवजी विचारलं, "घरचे अजून लातूरलाच? इकडे बिऱ्हाड नाही केलं?"

"बारा वर्षं झाली, करू करू म्हणतोय," मामा म्हणाले. मग त्यांनी दोन्ही तळवे चोळले आणि स्वतःच्या पोटावर ठेवले.