पेटीत वाजलेला फोन

माझा राग वाईट आहे, हे माहेरी, सासरी आणि दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी नगरकडची. जे आहे ते तोंडावर बोलते आणि बोलून झालं की विसरते, असं मी स्वतःबद्दल मोठ्या तोऱ्यात सांगत आले. लोकही हसून सोडून द्यायचे. फोनच्या त्या प्रकरणानंतर मी हे वाक्य बोलणं बंद केलंय.

कोळवण खोऱ्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे. राहायला पिरंगुटला, कारण नवऱ्याचा कारखाना तिथे. रोज सकाळी बसने पौडपर्यंत जायचं आणि पौडहून वडापच्या, म्हणजे भरल्याशिवाय न सुटणाऱ्या, जीपने वर. जीपवाला ठरलेला. पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. मी दिसले की पुढच्या सीटवरच्या कुणाला तरी मागे पाठवायचा आणि म्हणायचा, ‘पुढं बसा सिस्टर.’ त्याच्या सीटखाली एक लोखंडी पेटी होती. तिला कुलूप आणि किल्ली त्याच्या खिशात. खोऱ्यातली निम्मी कामं त्या पेटीतून चालायची. कुणाचा दुरुस्तीला दिलेला चष्मा, कुणाचे दाखल्याचे कागद, कुणाच्या लेकीला धाडलेलं लोणचं. चिठ्ठी नाही, पावती नाही. मीसुद्धा वरच्या वाडीतल्या एका आजीच्या बीपीच्या गोळ्या दर महिन्याला त्याच्याचकडे द्यायचे. आजी फाट्यावर उभी असायची, तो जीप थांबवून पुडी हातात द्यायचा. माझी डोंगर चढायची पायपीट वाचायची.

तो शनिवार लसीकरणाचा होता. दिवसभर पोरांचं रडणं, आयांची गर्दी, रजिस्टरं. फोन मी सकाळपासूनच सायलेंटवर टाकला होता. संध्याकाळी जीप खचाखच, पुढे पौडला बसही खचाखच. घरी येऊन पिशवी पलंगावर उपडी केली तर रजिस्टर, पाण्याची बाटली, छत्री, सगळं होतं, फोन तेवढा नव्हता.

बसमध्येच मारला, माझी खात्रीच झाली. माझ्यामागे एक पोरगा उगाच रेटारेटी करत होता, तोच तो. नवरा म्हणाला, ‘अगं, आधी लावून तर बघ.’ लावला. रिंग जात होती, पण चार-पाच वेळा लावूनही कुणी उचलत नव्हतं. मग माझं डोकंच फिरलं. त्या फोनमध्ये खोऱ्यातल्या गरोदर बायांचे नंबर होते, रिपोर्टचे फोटो होते, पोरांच्या लसींची सगळी यादी होती. ते कुणा चोराच्या हाती लागणार म्हणून मी घाबरले होते. हे मी खरं सांगतेय. पण रागाला कारण मिळालं म्हणून आतून थोडं बरंही वाटत होतं, हेही तितकंच खरं.

नवऱ्याच्या फोनवरून मी माझं खातं उघडलं. बँकेला कळवून पैशाचं ॲप बंद केलं, पासवर्ड बदलले, फोनच्या खोक्यावरचा पंधरा आकडी नंबर पोलिसांत द्यायला कागदावर उतरवून ठेवला. नवरा म्हणाला सिमही बंद करून टाक. मी म्हटलं, मग फोन कुठे आहे ते कसं दिसणार? त्या खात्यात फोन लांबूनच कुलूपबंद करायची सोय होती. त्यात एक चौकट होती, ज्याला फोन सापडेल त्याच्यासाठी निरोप लिहायला. खाली दुसरी चौकट, त्याने कुठे फोन करायचा तो नंबर टाकायला.

‘माझा नंबर टाक,’ नवरा म्हणाला. ‘आणि नीट लिही. सापडल्यास कृपया कळवा, असं.’

‘चोराला कृपया म्हणू? आणि वर तुमचा नंबर देऊ त्याला?’

नंबराची चौकट मी रिकामी ठेवली. निरोपाच्या चौकटीत लिहिलं: ‘हा फोन चोरीचा आहे. ज्याच्या हातात आहे तो चोर आहे. चोरा, तुझं घर मला दिसतंय.’ लिहून झाल्यावर नवऱ्याला वाचून दाखवलं. तो ताट घ्यायला गेला.

रविवारी सकाळी चहा घेता घेता नकाशा उघडला तर फोनचा हिरवा ठिपका थेट कोळवणच्या पुढे. मी चाटच पडले. बसमध्ये मारलेला फोन खोऱ्यात कसा गेला? मग ठिपका हलला. कोळवणहून पौड. तिथे अर्धा तास थांबला. पौडहून परत कोळवण. पुन्हा पौड. मी बघतच राहिले. हा चोर दिवसभर वरखाली करतोय काय, असं मी नवऱ्याला विचारलं आणि विचारता विचारताच माझ्या लक्षात आलं. ही तर जीपची फेरी, आणि सकाळचा ठिपका जीपवाल्याच्या घराचा.

इथे एखादी शहाणी बाई म्हणाली असती, अरे वा, फोन जीपमध्येच राहिला वाटतं. मी म्हणाले, ‘म्हणजे त्यानेच उचलला.’ आदल्या संध्याकाळी इतके फोन केले, एकही उचलला नाही, मग दुसरं काय? फोन सायलेंटवर आहे, हे मला आठवलंच नाही. मी नवऱ्याच्याच फोनवरून आमच्या उपकेंद्राच्या आशाताईला फोन लावला आणि तिलाही तेच सांगितलं. ती गावातलीच.

‘त्यो तसला न्हाई सिस्टर,’ ती म्हणाली.

‘मग फोन काय पायांनी चालत त्याच्या घरी गेला?’

तिने फोन ठेवून दिला. मला वाटलं, पटलं तिला.

त्यानंतर मी जे केलं ते कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. फोन सायलेंटवर असला तरी लांबून मोठ्याने वाजवता येतो, तसं एक बटण असतं. ते मी लगेच दाबलं नाही. ठिपका पौडच्या स्टँडवर येऊन थांबला, तरी दाबलं नाही. जीप भरायला किती वेळ लागतो ते मला चांगलं माहीत होतं. वीस मिनिटं घड्याळाकडे बघत बसले, माणसं पुरती चढू दिली आणि मग दाबलं. सगळ्यांसमोर वाजू दे, म्हटलं.

दुपारी दारावर टकटक झाली. जीपवाला उभा. एकदा तो आम्हाला तांदळाचं पोतं पोचवून गेला होता, तेवढ्यावर घर लक्षात ठेवून आलेला. हातात रुमालात गुंडाळलेला माझा फोन.

‘तुमचाच हाय न्हवं, सिस्टर? बघून घ्या, समदं नीट हाय का.’

आणि मी बघितलं. त्याच्या देखत, उंबऱ्यात उभी राहून, कुलूप उघडून, फोटो आहेत का, यादी आहे का, सगळं तपासलं. तो शांतपणे उभा होता.

‘कुठे होता?’ मी विचारलं.

‘पेटीत. काल तुमी पिशवी दिलीती न्हवं ठिवायला? गर्दी हुती म्हून. त्यातनं घसरला आसंल. तळाला गोणपाट हाय, त्याच्याखाली ग्येलता. मला काय दिसला न्हाई.’

पिशवी. पिशवी मीच दिली होती, ‘ही ठेवा हो जरा’ म्हणून. पौडला उतरताना परतही घेतली होती. ती दिल्याचं माझ्या मनातून साफ गेलं होतं. मी म्हटलं, आत या, चहा घ्या. तो नको म्हणाला, एक फेरी बुडवून आलोय म्हणाला. पण जाईना. चपला अर्धवट घालून तिथेच घोटाळला.

‘जीप भरली हुती समदी,’ तो म्हणाला. ‘पेटी वाजाय लागली. कुलूप काढलं, फोन भाईर काडला. मागं एक कॉलेजची पोरगी हुती, तिला म्हनलं बघ गं, काय लिवलंय त्यावर. तिनं मोठ्यांदी वाचलं. मला वाटलं चुकीचं वाचती. म्हनलं, परत वाच. तिनं परत वाचलं.’

मी फोन पाठीमागे धरला.

‘सिस्टर, ते कुनी लिवलं आसंल?’

तो खरंच विचारत होता. त्याच्या तोंडावर रागाचं चिन्ह नव्हतं. एवढ्या वेळात मला ‘मी लिहिलं’ हे दोन शब्द म्हणता आले असते. तोंडावर बोलणारी बाई ना मी.

‘ते आपोआप येतं,’ मी म्हणाले. ‘फोन हरवला की कंपनीकडूनच येतं तसं.’

‘व्हय का?’ त्याने केवढा तरी श्वास सोडला. ‘मंग झालं. तुमी उद्या जीपमदी येवढं सांगा समद्यांना. मी सांगून कोन ऐकतंय. तुमचं ऐकत्यात.’

मी हो म्हणाले. तो बरं वाटल्यासारखा जिना उतरून गेला.

सोमवारी मी पुढच्या सीटवर बसले. जीप भरली. मागे एक कॉलेजची पोरगी होती, बहुधा तीच. पौड सुटलं. मग मागून एक बाई म्हणाली, ‘सिस्टर, फोन घावला म्हनं पेटीत.’ पेटीत या शब्दावर तिने जरा जोर दिला. मी म्हणाले, ‘हो, मिळाला.’ पुढे बोलायचं म्हणून घसा खाकरला, तेवढ्यात जीपवालाच बोलला. बिचाऱ्याला धीर धरवला नाही.

‘ते काल वाचलं न्हवं, ते आपोआप येतं. सिस्टरला इचारा.’

मागची पोरगी म्हणाली, ‘आपोआप नाही येत काका. ज्याचा फोन आहे त्याला ते लिहावं लागतं. आमच्या दादाचा हरवला होता तेव्हा आम्हीच लिहिलं होतं.’

वरच्या आरशात त्याचे डोळे माझ्याकडे वळलेले मला दिसले. अख्खी जीप मी काय बोलते याची वाट बघत होती.

‘मला त्या फोनमधलं काही कळत नाही,’ मी म्हणाले आणि बाहेर बघायला लागले. भाताच्या खाचरांत बाया वाकून काम करत होत्या. त्यांच्याकडे मी उपकेंद्र येईपर्यंत बघत राहिले.

त्याला कुणी तोंडावर काही बोललं नाही. खोऱ्यात तसं बोलत नाहीत. माणसं फक्त पेटीत काही ठेवेनाशी झाली. डबे मांडीवर घेऊन बसायला लागली. कागद एसटीच्या कंडक्टरकडे जायला लागले. आशाताईने कुणाकुणाला काय सांगितलं ते मी तिला विचारलं नाही, विचारायला तोंडही नव्हतं. पुढच्या महिन्यात मी आजीच्या गोळ्या त्याच्याकडे दिल्या, तर दुसऱ्या दिवशी आजीचा मुलगा स्वतः उपकेंद्रात आला. म्हणाला, ‘सिस्टर, आईच्या गोळ्या त्याच्याकडं देत जाऊ नका. मीच येत जाईन.’ मी का म्हणून विचारलं. तो म्हणाला, ‘आता तुमाला काय सांगायचं. तुमचाच फोन हुता की.’

मी ‘बरं’ म्हणाले. तेव्हाही.

अजून एक महिना गेला. नवीन फोन घेतला नाही, तोच वापरत होते. निरोप कधीच पुसला होता, एका बोटाने पुसला जातो तो. पण फोन हातात घेतला की मला तो दिसायचा. शेवटी एका सकाळी पौडच्या स्टँडवर, जीप पुरती भरल्यावर, मी सीटवरून मागे वळले आणि बोलून टाकलं. ते मी लिहिलं होतं. पिशवी मीच पेटीत दिली होती. जीपवाल्यांची काही चूक नाही, आपोआप येतं हेही मी खोटंच सांगितलं. माणसांनी ऐकून घेतलं. एक म्हातारा ‘बरं, बरं’ म्हणाला. एक बाई दुसरीला कोपराने ढोसून हसली. त्यात त्या सोमवारची दोनच माणसं होती, बाकीची नवी. कॉलेजच्या पोरीची तर परीक्षा होऊन गेली होती, ती आता येत नव्हती.

मी पर्समधून फोन काढला आणि त्याच्यापुढे धरला. ‘हा ठेवा पेटीत,’ म्हटलं, सगळ्यांना दिसेल असं. घरून तसं ठरवूनच आले होते.

‘ऱ्हाऊ द्या सिस्टर. तुमच्यापाशीच ठिवा.’

मी खाली वाकून बघितलं. पेटी होती तिथेच, कुलूप नव्हतं. झाकण अर्धवट उघडं, आत जॅक आणि चिंध्या.

उपकेंद्राशी सगळ्यात शेवटी मी उतरले. उतरून त्याच्या खिडकीशी गेले आणि म्हटलं, ‘मला माफ करा. तुम्हाला फसवलं मी.’

‘फसवलं कुटं,’ तो म्हणाला. ‘ती पोरगी बोलली तवाच कळलं की मला.’

‘मग मला विचारलं का नाही?’

‘तुमी बोलाल म्हून थांबलो हुतो.’ त्याने गिअर टाकला. ‘लई दिस थांबलो.’

आजीच्या मुलाला मी येऊ नका म्हटलं; गोळ्या आता मी स्वतः नेऊन देते, महिन्यातून एकदा, डोंगर चढून. फाट्यावर तोच सोडतो. अजूनही मी दिसले की पुढच्या माणसाला उठवतो आणि म्हणतो, ‘पुढं बसा सिस्टर.’ मी मागे जाऊन बसते.