टेलरमावशी पडल्या तेव्हा

मुलाने टेलरमावशींना बजावून ठेवलं होतं, "आई, पुन्हा पडलीस तर मशीन गुंडाळायचं आणि माझ्याकडे यायचं. मग मी तुझं काही ऐकणार नाही."

बहात्तर वर्षांच्या मावशी तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहत. लोकांच्या पँटी आखूड करून दे, चेनी बदलून दे, असं चाललेलं असे. दोन वर्षांपूर्वी जिन्यात पडल्या आणि अशी धास्ती घेतली की वर्षभर उंबरा ओलांडला नाही. शेवटी शेजारच्या पोस्टमनकाकांनी त्यांना जवळजवळ ओढतच वाचनालयाच्या हॉलमध्ये नेलं. तिथे एक निवृत्त सिस्टर रोज सकाळी सात वाजता चौदा म्हाताऱ्यांकडून व्यायाम करून घेत. कुणाचाही हात न धरता जमिनीवरून उठायचं, हेही शिकवत. "पडायचं कसं ते मला आपोआप येतं," मावशी कुरकुरल्या होत्या. पण एक दिवस चुकवला नाही.

त्या सकाळी साडेसहाला बाथरूममध्ये पाय सटकला आणि मावशी उजव्या हातावर आदळल्या. मनगटातून कळ थेट डोक्यात गेली. फोन बाहेर मशीनवर, घराच्या दाराला आतून कडी. हाक मारायला गेल्या तर घशातून आवाजच फुटेना. घाईने उठायला गेल्या आणि साबणाच्या पाण्यावरून पुन्हा घसरल्या.

'संपलं,' त्यांना वाटलं. 'आता मशीन जाणार.'

मग सिस्टरचं रोजचं दटावणं आठवलं. घाई नाही. आधी श्वास. कुठे दुखतंय ते बघा. मावशींनी पायाची बोटं हलवली. कंबर शाबूत होती. त्या कुशीवर वळल्या, डाव्या कोपरावर आल्या, मग गुडघ्यांवर. तशाच रांगत खोलीत आल्या. मशीनजवळचं स्टूल डगमगत होतं. ते सोडून त्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीपर्यंत सरकल्या. एवढ्यानेच दमछाक झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली.

दारावर थापा पडल्या. "मावशी! सव्वासात झाले! उघडा, नाहीतर दार तोडतो!" पोस्टमनकाका ओरडत होते.

"तोडू नका!" या वेळी आवाज फुटला. "येतेय. पण वेळ लागेल."

डावा हात खुर्चीवर, एक पाऊल पुढे, जोर मांडीत. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी त्या उभ्या राहिल्या आणि भिंतीला धरून जाऊन कडी काढली. दारात काका आणि हॉलमधल्या दोघी उभ्या होत्या, तिघांचे चेहरे पांढरेफटक.

मनगटाचं हाड चिरलं होतं. प्लास्टर घातल्यावर मावशींनी स्वतःच मुलाला फोन केला. लपवणं त्यांच्या जिवावर आलं. दुसऱ्या दिवशी तो रिकामी बॅग घेऊनच उगवला.

"बॅग उद्या भरू," मावशी म्हणाल्या. "आधी सात वाजता माझ्याबरोबर चल."

तो हॉलमध्ये मागे बसून बघत राहिला. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून आई खुर्चीतून उठत-बसत होती, दहा वेळा, हाताचा आधार न घेता. तिने मध्येच दम खाल्ला तशी आजूबाजूची चार डोकी तिच्याकडे वळली. संपल्यावर त्याने पोस्टमनकाकांचा नंबर मागून घेतला.

घरी येऊन त्याने बाथरूमच्या भिंतीवर धरायला दांडा ठोकला.

"तिरका बसलाय," मावशी म्हणाल्या.

"धरून बघ आधी," तो म्हणाला. मावशींनी धरला, सगळा भार टाकला. दांडा हलला नाही. मुलगा संध्याकाळच्या बसने परतला. बॅग रिकामीच होती.