विहिरीचं नाक

अण्णा सरळ चालत नसत. रस्ता मोकळा असो, समोर चिटपाखरू नसो, ते मध्येच वळायचे, कशाला तरी अर्धा वळसा घालायचे आणि पुन्हा आपल्या वाटेला लागायचे. लातूरच्या एका मोठ्या क्लासेसच्या पार्किंगमधून ते असे निघाले होते तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं आणि मनात म्हटलं, म्हातारा सकाळीच घेऊन आलेला दिसतोय. मग कपाळावरची विभूती दिसली, गळ्यातलं लिंग दिसलं, आणि तो विचार मी मुकाट्यानं मागे घेतला. विचारल्यावर ते म्हणाले, "खाली आड हाय, इंजिनेर साहेब. मीच बुजवलाय. त्याच्या डोक्यावर पाय कामून द्यावा?"

अण्णा औश्याचे. वडील विहिरी खणायचे. अण्णांनी अर्धं आयुष्य विहिरी उपसण्यात घालवलं आणि उरलेलं अर्धं त्याच विहिरी बुजवण्यात. हा बदल त्यांनी काही ठरवून केला नव्हता. लातूर वाढायला लागलं तसं बोलावणं बदललं, एवढंच. आधी लोक म्हणायचे, अण्णा, गाळ काढा. पुढं म्हणू लागले, अण्णा, मोकळी जागा करून द्या. मी तेव्हा डिप्लोमा करून नुकताच एका बिल्डरकडं लागलो होतो. ह्या मालकांचा बारा मजल्यांच्या खाली जीव रमत नसे. गोलाईच्या जुन्या बाजारामागच्या गल्ल्यांतली माणसं घरं बंद करून रिंग रोडच्या बाजूला राहायला निघाली होती. जिथं होती तिथं मागे उरत होती तुंबलेली गटारं, गंजलेली शटरं आणि पाणी नसलेले आड.

त्यांच्या डोक्यात सगळं लातूर ह्या आडांनी मांडलेलं होतं. आम्ही म्हणायचो अमक्या हॉस्टेलजवळ, ते म्हणायचे कासारांच्या आडापाशी. एकदा मी त्यांना गाडीवर मागे बसवून एका साईटला निघालो, तर वाटभर ते माझ्या पाठीला बोटानं खुणा करत होते, इथं एक, तिथं एक, त्या आईस्क्रीमच्या दुकानाखाली एक. उतरल्यावर म्हणाले, गाव वर चाललंय, अन् खाली काय हाय ते कुणी इचारून नाही राहिलं. तेव्हा मी हसलो होतो. मी फार हसायचो त्या वयात.

अण्णांची एक रीत होती आणि ती चुकवून त्यांनी कधी फावडं उचललं नाही. ज्या घरचा आड, त्या घरच्या बाईनं शेवटचा पोहरा काढायचा. आड कोरडा असला तरी काढायचा. एका साईटवर सत्तरीच्या बाई आल्या होत्या, मुलाच्या गाडीतून, पुण्याहून. मुलगा सारखं घड्याळ बघत होता. बाईंनी हळद-कुंकू वाहिलं, खण-नारळ सोडला आणि पोहरा खाली सोडला. दोर सुटत गेला, सुटत गेला आणि तळाला दगडावर पत्रा आपटल्याचा आवाज वर आला. बाईंनी तो रिकामा पोहरा भरलेला असल्यासारखा दोन्ही हातांनी जपून वर ओढला. मग अण्णांनी त्यांच्या हातात घरून आणलेल्या पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाले, "वता आत. जाताना कोरडं धाडू नये कुणाला." पोराचं घड्याळ बघणं तेवढ्यापुरतं थांबलं. मीसुद्धा दुसरीकडं पाहिलं.

त्यानंतर खरं काम सुरू व्हायचं, आणि तिथं मालकांचं डोकं फिरायचं. आधी सगळा गाळ बाहेर. मग तळाला मोठे दगड. मग मुरूम, तोही एक वीतभर थर, वर पाणी, वर धुम्मसानं ठोकून घट्ट करणं, की पुढची वीत. पंधरा-वीस दिवस हेच. मधोमध तळापासून वरपर्यंत लोखंडी पाईप, त्याला वर बाक आणि तोंडाला जाळी. ह्या पाईपला अण्णा विहिरीचं नाक म्हणत. आत हवा कोंडते, वाफ धरते, तिला बाहेर पडायला वाट हवी, असं त्यांचं म्हणणं. ह्यात शास्त्र किती आणि श्रद्धा किती हे मी कधी तपासलं नाही. नाक ठेवायचं नसेल तर दुसरा माणूस बघा, हे मात्र ते शांतपणे सांगत, आणि दुसरा माणूस नव्हता. एका इमारतीत ते नाक बरोबर प्रवेशद्वारात आलं. मालकांनी आठ दिवस आदळआपट केली आणि शेवटी त्याच्याभोवती संगमरवरी कमळ बसवून घेतलं. लोक आता तिथं फुलं वाहतात.

अण्णा एका गोष्टीला मात्र भीत, मलब्याला. किल्लारीच्या भूकंपानंतर महिनाभर ते तिथं ढिगारे उपसायला होते. त्याबद्दल ते बोलत नसत. पण विहिरीत टाकायला कुणी पाडलेल्या घराचा मलबा आणला की त्यांचा चेहरा बदलायचा. एकदा त्यांनी भरलेला ट्रॅक्टर परत पाठवला. ट्रॅक्टरवाला भांडायला लागला तेव्हा एवढंच म्हणाले, "ह्यात लाकूड हाय, कापूस हाय, माणसाच्या घरातलं समदं हाय. हे कुजतंय. कुजलं की बसतंय. वरून न्हाई कळत."

पुढं मालकांनी नांदेडात काम धरलं आणि मला तिकडं पाठवलं. निघण्याआधी मी औश्याला अण्णांच्या पाया पडायला गेलो. त्यांनी चहा पाजला आणि फाटकापर्यंत आले. म्हणाले, लातूरच्या विहिरी मेलेल्या असतात, त्यांना बुजवणं सोपं. "नांदेडची विहीर जिती हाय. गोदावरीच्या बाजूचं पाणी हाय ते. तिकडं लातूरचा हात नका चालवू. काही निघालं तर मला बलवा, मी एसटीनं येतो." मी हो म्हटलं. मी मनापासून म्हटलं होतं, हे आज मुद्दाम लिहितो.

नांदेडची साईट शहराच्या नव्या अंगाला होती, अर्धापूरच्या वाटेवर. काल-परवापर्यंत तिथं केळीची बाग होती. आता दोन बारा मजली इमारती, मधे मोकळं अंगण, क्लब हाऊस, फाटकावर पाण्याचा कारंजा. आणि बरोबर अंगणाच्या जागी बागेची विहीर. चांगली वीस फूट रुंद, काठोकाठ नसली तरी पाण्यानं भरलेली. मी डोकावलो तेव्हा त्यात माझं हेल्मेट घातलेलं तोंड दिसलं. मोबाईल काढला, अण्णांचा नंबर लावला आणि घंटा वाजायच्या आत बंद केला. दहा दिवसांवर नमुन्याच्या फ्लॅटचं उद्‌घाटन होतं. अण्णा आले असते तर आधी पोहरा मागितला असता, मग पाणी उपसायला पंप, मग वीस दिवस. मालक फोनवर म्हणाले, लातूरला इतक्या बुजवल्या, ही काय वेगळी आहे? मी म्हटलं, वेगळी नाही.

त्याच दिवसांत जुन्या नांदेडात नदीकडच्या गल्ल्यांतून रस्ता रुंद करण्याचं काम चाललं होतं. ओल धरलेली, पोपडे सुटलेली घरं रांगेनं पडत होती आणि मलबा कुठं टाकावा हे कुणाला समजत नव्हतं. मला समजलं. डंपर लागले. चौकटी, पत्रे, गाद्या, विटा, रंगीत प्लास्टिक, एका घराची नावाची पाटीसुद्धा मी पाण्यात जाताना पाहिली. ती थोडा वेळ तरंगली. दीड दिवसात विहीर भरली. पाणी बाजूनं फुगून वर आलं आणि मग कुठं गेलं कळलं नाही. वर मुरमाचा एक थर, रोलर, सळयांची जाळी, काँक्रीट आणि त्यावर परदेशी वाटावी अशी राखाडी फरशी. पोहरा कुणी काढला नाही. नाक ठेवलं नाही. उद्‌घाटनाला त्याच अंगणात मंडप पडला आणि दोन्ही शहरांतली मोठी माणसं तिथं जेवून गेली.

मालक खूश झाले. त्यांनी मला तिथंच दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट दिला, आणि तो मी घेतला, ह्याला काय म्हणावं? विश्वास म्हणा. आपण केलेल्या कामावर माणसाचा तेवढा विश्वास बसतोच. वास्तुशांतीला मी अण्णांना बोलावलं. त्यांना माझं घर दाखवायचं होतं, दुसरं काही नाही.

अण्णा सकाळच्या एसटीनं आले. पिशवीत माझ्या लेकीसाठी औश्याचे पेढे होते. मी फाटकाशी उभा होतो. ते अंगणातून माझ्या बायकोशी बोलत निघाले, मी मागोमाग. दहा-बारा पावलं टाकली आणि ते थांबले. टाच एकदा आपटली. मग पुन्हा. मग वाकून फरशीवर तळहात ठेवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात. वर बघून विचारलं, "हितं विहीर व्हती का?"

मी म्हटलं, "न्हाई अण्णा. केळीची बाग होती."

"केळीला पाणी कुठून देत व्हते?"

"कॅनॉलचं," मी म्हटलं.

 अर्धा वळसा घालून ते लिफ्टकडं गेले. वर पूजेला बसले, जेवले, पुरण चांगलं झालंय म्हणाले, बाल्कनीत मात्र आले नाहीत. निघताना पुन्हा तसाच वळसा. आम्ही फाटकापाशी आलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला. दहा वर्षांत त्यांनी मला साहेबाशिवाय हाक मारली नव्हती. त्या दिवशी म्हणाले, "तुझ्या लेकराला तिथं खेळू देऊ नको, बाबा."

तेव्हा सांगता आलं असतं. अण्णा होते, मी होतो, फरशी उचलून पुन्हा नीट भरता आलं असतं. मी त्यांना रिक्षात बसवून दिलं.

दिवाळीनंतर त्यांच्या मुलाचा फोन आला. मी औश्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे अण्णांना बसत्या स्थितीत मातीत ठेवलं होतं आणि ती माती लोकांनी हातांनी सारखी केली होती. अण्णांनी आयुष्यभर ज्या नेटकेपणानं माती भरली तितक्याच नेटकेपणानं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. निघताना मुलानं घरातून गोणपाटात गुंडाळलेलं काही आणून दिलं. नांदेडच्या साहेबांना द्या, असं अण्णा सांगून गेले होते. सोडून पाहिलं तर हातभर लोखंडी पाईप, वर बाक, तोंडाला नवी जाळी, आणि सगळ्याला नुकताच दिलेला लाल रंग.

तो पाईप माझ्या बाल्कनीत चपलांच्या कपाटामागं उभा आहे. बायकोनं दोनदा भंगारात द्यायला काढला. नको म्हणालो, कारण सांगितलं नाही. दर रविवारी मी ठरवायचो की सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलायचं, आणि दर रविवारी मीटिंगमध्ये कारंज्याच्या दिव्यांचा विषय निघायचा.

ह्या पावसाळ्यात अंगणात मधोमध पाणी साचायला लागलं. ताटाएवढं, मग परातीएवढं. सफाईवाली बाई ते लोटून द्यायची. मग परवा संध्याकाळी मी बाल्कनीत चहा घेत होतो आणि खालून आवाज आला. ढब्, ढब्. सहा-सात पोरं गोल करून उड्या मारत होती. माझी लेक मधोमध. मला बघून ती ओरडली, "बाबा, इथं ढोल वाजतोय. बघा ना."

जिन्यानं कसा उतरलो ते आठवत नाही. लेकीला दंडाला धरून बाजूला ओढलं, बाकीच्यांना हाकललं. तिला लागलं असावं, ती रडायला लागली. लिफ्टपाशी आमचे चेअरमन उभे होते. सज्जन माणूस, कापडाचं दुकान आहे, ह्या फ्लॅटपायी त्यांनी जुन्या नांदेडातलं घर विकलंय. मी त्यांना सगळ्यांदेखत म्हटलं, "इथं विहीर आहे. मीच बुजवली. मलब्यानं बुजवलीय. खाली पोकळ झालंय." अण्णांना द्यायचं उत्तर मी त्यांना दिलं.

चेअरमननी फरशीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, जरा हळू बोला. चौथ्या मजल्याचं गिऱ्हाईक आलंय."

फाटकातून एक जोडपं आत येत होतं. लातूरचं असावं, बोलण्यावरून तसं वाटलं. पुरुषाच्या कडेवर लहान मूल. मी हात वर करून ओरडलो, कडेनं या, कडेनं. बाईंना वाटलं फरशी ओली आहे. त्या हसल्या, साडी जरा वर धरली आणि सरळ मधून आल्या. अर्ध्यावर त्यांच्या चपलांचा आवाज बदलला. माझी लेक रडायची थांबून तो ऐकत होती.