आतड्याची टेस्टिंग

माझं मोठं आतडं एका जागी सुजून सुजून एवढं अरुंद झालं की डॉक्टर बोलले, तेवढा तुकडा कापून काढायचा आणि दोन टोकं परत जोडायची. मी प्लंबर, भांडुपला राहतो, चौथीनंतर शाळेने मला सोडलं. डॉक्टरांचं बाकीचं बोलणं डोक्यावरून जायचं, पण हे वाक्य मला पूर्ण कळलं. मी विचारलं, "जॉइंट कशाने मारणार?" बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला.

ते बोलले, पोट फाडायचं नाही, दुर्बिणीतून करू, चार-पाच भोकं फक्त. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवली. जॉइंट गळला तर पोट पूर्ण उघडावं लागेल आणि मग काही महिने शी पोटावरच्या पिशवीत. बायको घरी पोचेपर्यंत रिपोर्टची फाइल छातीशी धरून होती. मी मात्र रिक्षात बसून हाच विचार करत होतो की बोटाएवढ्या भोकातून वीतभर आतडं बाहेर येणार कसं.

अंधेरीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तर पोट ठीक होतं आणि उजवा खांदा ठणकत होता. मी सिस्टरला बोललो, "मला टेबलावरून पाडलं काय? खरं सांगा, मी कंप्लेंट नाही करणार."

ती बोलली, "आतलं नीट दिसावं म्हणून पोटात गॅस भरून फुगवतात. थोडा आत राहतो, त्याने खांदा दुखतो."

गॅस पोटात आणि दुखणं खांद्यात. हे मला इतकं आवडलं की जो येईल त्याला मी सांगत सुटलो, चहावाल्यालाही सांगितलं. त्याने गपचूप दुसऱ्या खाटेकडे चहा नेला. मला तसाही द्यायचा नव्हता.

बाजूच्या खाटेवर खारदांड्याचे एक म्हातारे होते, आयुष्यभर मासळीचा धंदा केलेले. माझे कोणी लागत नव्हते, पण मी त्यांना मामा बोलायला लागलो. आतडं त्यांचंही कापलेलं, माझ्या दोन दिवस आधी, पण ओपन. जुन्या एका ऑपरेशनमुळे आत सगळं चिकटलेलं होतं, म्हणून दुर्बिणीचं जमलं नाही.

"मामा, टाके बघू जरा."

"काय बघतोस, पापलेट आहे काय?"

पण त्यांनी दाखवलं. बेंबीच्या वरपासून पार खालपर्यंत पिनांची लाइन. खोकला आला की ते उशी पोटाशी घट्ट धरायचे आणि डोळे मिटून खोकायचे. मग बोलले, "आता तुझं दाखव." मी शर्ट वर केला. त्यांनी चष्मा लावून भोकं बघितली.

"ह्याला ऑपरेशन बोलतात? उंदराने कुरतडल्यासारखं वाटतं."

तिथेच माझं डोकं फिरलं. मला वाटलं, मामांचं काम मोठं, आपलं किरकोळ. ते कठडा धरून एक एक पाऊल टाकायचे आणि मी लिफ्टपर्यंत जाऊन परत येऊन त्यांना विचारायचो, काही आणू का खालून. आम्हाला दोघांना एक प्लास्टिकचं खेळणं दिलेलं, नळीतून श्वास ओढायचा की आतले तीन बॉल वर जातात. मामा तासातासाला ओढायचे. मी दोनदा ओढलं, भोकं दुखली, उशीखाली ठेवून दिलं.

डॉक्टर रोज सकाळी एकच विचारायचे, गॅस गेला का. एवढा शिकलेला माणूस रोज हेच का विचारतो, याचं मला फार कुतूहल. मामांचा चौथ्या दिवशी गेला. त्यांनी तो मुलगी पहिल्या नंबराने पास झाल्यासारखा जाहीर केला आणि त्यांना पेज चालू झाली. मला मात्र घोट घोट पाणी.

आता माझा धंदा बघा. आम्ही जॉइंट मारला की थोडा सुकू देतो आणि मग लाइन फुल फोर्सने सोडतो. गळायचं तर तेव्हाच गळू दे, लाद्या बसवायच्या आधी. थेंब थेंब पाणी सोडून कोणी टेस्टिंग करतं काय? माझा जॉइंट दोन दिवस सुकलेला. मामा सुनेचा हात धरून चालायला गेले होते आणि त्यांचा पेजेचा थर्मास आमच्या दोघांच्या मधल्या कपाटावर होता. मी दोन ग्लास प्यायलो. मीठ बरोबर पडलेलं.

मामा आले. थर्मास हलवून सुनेला बोलले, "आज अर्धाच आणलास, गं?"

"भरून आणलेला, मामंजी."

मी वर पंख्याकडे बघत होतो.

मामा माझ्याकडे बघून बोलले, "प्लंबर, मिशीला भात लागलाय तुझ्या."

सिस्टरला त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी माझं पोट ढोलासारखं झालं आणि उलट्या सुरू झाल्या, तेव्हा सांगितलं. नाकातून पोटात नळी घातली. मामांची पेज त्या नळीतून बाहेर पिशवीत आली. मामा बघत होते. बोलले, "तरी मला वाटलंच, कुठे गेली."

दुसऱ्या दिवशी ताप आला. डॉक्टर आले आणि पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले.

"आतडं कापलं की ते झोपतं. फाडून कापलं काय, भोकातून कापलं काय, आतलं काम तेवढंच. तुमची कातडी वाचली, म्हणून तुम्ही चालताय. आतडं जागं झालं की गॅस जातो, म्हणून रोज विचारतो."

मग माझं उत्तर मिळालं, पण ते ऐकायला मजा नाही आली. कारण पुढचं वाक्य होतं, पोट फुगलंय, ताप आहे, जॉइंट गळतोय का बघावं लागेल. गळत असेल तर आजच पोट उघडायचं.

बायको स्ट्रेचरबरोबर चालत होती. पदर दाताखाली धरलेला. लिफ्टमध्ये बोलली, "टेस्टिंगची हौस होती ना तुम्हाला. चला आता."

आणि खरंच तेच केलं त्यांनी. मशीनवर आडवं केलं, खालून नळी घातली आणि फोटोत पांढरं दिसणारं औषध पाण्यासारखं भरलं. मी मशीनवाल्याला विचारलं, "प्रेशर किती ठेवता?" तो बोलला, "हलू नका." भीती होतीच, तरी मला जाणून घ्यायचं होतं. अशाच स्वभावाने तर इथवर आलो होतो.

डॉक्टरांनी आम्हाला दोघांना स्क्रीनसमोर नेलं. मी व्हीलचेअरवर, नाकात नळी. पांढरी लाइन वळत वळत वर गेलेली, आणि एका जागी बारीक ठिपक्यांचं कडं.

"हा तुमचा जॉइंट. मेटलच्या पिना आहेत. औषध बाहेर कुठेच नाही. गळत नाही."

"आणि ताप?"

"छातीतला, कफ साचलाय. ते बॉल ओढत नाही ना तुम्ही?"

मी विषय बदलला. "ह्या पिना गंजणार नाहीत ना आत?"

"नाही गंजत."

बायकोने एवढंच विचारलं, "म्हणजे पिशवी नाही?"

"नाही. अजून दोन-तीन दिवस उपाशी राहिले की आतडं आपोआप सुरू होईल. शेजारचे बाबा उद्या घरी जातायत, त्यांच्याकडून शिका."

मी आणखी एकदा तो जॉइंट जवळून बघायला मागितला. एवढं साफ काम मी आयुष्यात केलेलं नाही. डॉक्टर बोलले, बाहेर लाइन आहे.

बाहेर येऊन बायको बाकड्यावर बसली. माझी व्हीलचेअर तिने भिंतीला लावली, पिशवीतून डबा काढला आणि चपाती-भाजी खायला लागली. सकाळपासून तिने काही खाल्लेलं नव्हतं, हे मला तेव्हा समजलं. तिने तिन्ही चपात्या संपवल्या. मी बघत होतो. भाजी भेंडीची होती.