एका अक्षराने मागे

खुर्चीत बसण्याआधी ती चष्मा बाहीला पुसते. बसल्यावर पुन्हा पुसते. फोन आला की उभी राहते, मग तो कुणाचाही असो. कुणी "अगदी सोपं आहे" म्हटलं की तिची डावी भुवई वर जाते. प्रोग्राममधली चूक सापडली की आधी "सापडलीस गं बाई" म्हणते, मगच दुरुस्तीला हात घालते. जुन्या कीबोर्डांची निखळलेली बटणं बरणीत ठेवते. कशाला, असं विचारलं तर "असू दे" एवढंच.

ताई टेक्स्ट एडिटर बनवते. म्हणजे साधा मजकूर लिहायचा प्रोग्राम. तो फुकट आहे आणि तिने कधीही न पाहिलेली माणसं तो वापरतात. तिच्या भावाच्या घरातली मागची खोली हेच तिचं ऑफिस. मी साहित्याची पदवीधर. दर अपडेटबरोबर नवीन काय आणि दुरुस्त काय याचं निवेदन मी चार ओळींत लिहून देते. बाकी वेळ तिच्याकडे बघत बसते.

दादा, तिचा मोठा भाऊ, बाजारात लिलाव पुकारायचे. आवाज असा की शेवटच्या गाळ्यातला माणूसही बोली लावायचा. मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. डावाही जड झाला, उरलं त्याचं एक बोट. त्या बोटाने ते ताईच्या एडिटरमध्ये लिहायचे आणि वहिनी वाचायच्या. घरातलं त्यांचं सगळं बोलणं त्या पडद्यावर चालायचं. खोडायचं बटण बोटाला लांब पडतं म्हणून ताईने 'अनडू' जवळच्या मोठ्या बटणावर आणून दिलं होतं. एकदा दाबलं की शेवटचं एक अक्षर पुसून मागे.

मागच्या अपडेटमध्ये ताईने अनडू बदललं. एकेक अक्षर मागे जाण्याचा लोकांना वैताग येत होता. आता एका दाबात अख्खं वाक्य मागे जाऊ लागलं. खूप कौतुक झालं. निवेदनात ती ओळ मी सगळ्यात वर ठेवली होती.

त्यानंतर काही दिवसांनी दादांनी लिहिणं सोडलं.

"काय होतंय?" ताईने विचारलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. हात दुखतो का? मान नाही म्हणाली. दिसत नाही का? नाही. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात मन खचतं. वहिनी म्हणाल्या, "कंटाळलेत. आता नको त्यांच्या मागे लागूस. रविवारी माणूस येतोय, टेबल आणि कॉम्प्युटर उचलू दे. खाट तरी खिडकीशी येईल."

ताई मला म्हणाली, "तो रुमाल दे."

तिने उजवा हात पाठीमागे बांधून घेतला. डाव्या मनगटावर वाळू भरलेला मोजा बांधला. मग दादांच्या खुर्चीत बसली आणि एका बोटाने लिहू लागली.

"आता तुला काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही वहिनी. तुम्ही बसा."

मी दारात उभी होते. बोट एका बटणावर जायचं, चुकायचं, परत यायचं. खाटेवरून दादा बघत होते. माणूस इतकं हळू लिहू शकतो हे मला माहीत नव्हतं. ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं तेव्हा कुठे एक वाक्य संपत आलं. मग एक अक्षर चुकलं. सवयीने तिने मोठं बटण दाबलं.

पडदा कोरा झाला.

ताईच्या मागे बारीक आवाज आला. वळून पाहिलं तर दादांचा खांदा हलत होता. ते हसत होते.

"हे मी केलं," ताई म्हणाली.

"लोकांनीच मागितलं होतं ना," मी म्हणाले.

"मागितलं त्यांनी. केलं मी."

दादांपुरतं जुनं अनडू परत आणणं तिच्या डाव्या हाताचा मळ होता. तिने तसं केलं नाही. "असे हात आणखी असतील," ती म्हणाली, "आणि त्यांच्या घरात मी नाही." हात किती हळू चालतोय ते प्रोग्रामनेच ओळखावं आणि तेवढंच छोटं पाऊल मागे टाकावं, असं तिने ठरवलं. त्यासाठी रोज तो मोजा बांधून ती बसायची. मनगट सुजलं. मी चार वर्षं मोठमोठ्या लेखकांची करुणा अभ्यासली, परीक्षेत तिच्यावर पानं भरली. ती करुणा कामाला बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

निवेदनासाठी मी परिच्छेद लिहून नेला. तिने तो काढून टाकला आणि दोनच वाक्यं ठेवली. "हळू लिहिणाऱ्यांसाठी अनडू पुन्हा एकेका अक्षराने मागे जातं. चूक आमची होती."

रविवारी सकाळी तिने नवं अपडेट दादांच्या कॉम्प्युटरवर घातलं आणि त्यांना खुर्चीत बसवलं. ते नुसते बसून राहिले. टेबल उचलणारा माणूस आला.

"हे न्यायचं ना?"

"थांबा जरा," वहिनी म्हणाल्या. दादांचं बोट उठलं होतं.

तो माणूसही थांबला. मध्येच एक अक्षर चुकलं. बोट मोठ्या बटणापाशी गेलं आणि तिथेच अडलं. मग त्यांनी ते दाबलं. एक अक्षर गेलं. बाकीचं जागेवर होतं.

पुरं झाल्यावर वहिनींनी ताईकडे बघत मोठ्याने वाचलं. "बुटके, या पडद्याचा रंग भिकार आहे."

"इतक्या दिवसांनी तोंड उघडलं," वहिनी म्हणाल्या, "आणि निघालं काय ते बघा." मग पदराने डोळे टिपत त्यांनी त्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवलं.

ताईने रंग बदलायला घेतला. पहिला दाखवला, दादांनी लिहिलं, "दवाखाना." दुसऱ्याला "शिळं." त्यानंतर आणखी एक अपडेट बाहेर पडलं, तरी रंग काही ठरला नव्हता. कालच्या रंगाला "भिजलेला पुठ्ठा" असा शेरा मिळाला. ताईने चष्मा काढून तो शेरा जवळून वाचला, आणि थोडा निळा वाढवून बघू लागली.