गल्लीचा जावई

मल्लव्वा माझ्या समोरच्या दारात ऱ्हायची. लोकांची चटणी कुटून द्यायची. कर्नाटकाच्या अंगानं आलेली बाई, दाल्ला लवकर गेलेला, एकच लेक, रुद्राणी. मी नजीरा, तिच्या समोर बसून ब्लाउज शिवते. आमची गल्ली रंकाळ्याच्या अंगाची. मल्लव्वाचं उखळ वाजाय लागलं की अख्खी गल्ली शिंकायची, पण कुणी तिला कधी वाकडं बोललं न्हाय. सगळ्यांच्या भाकरीवर तिच्याच हातची चटणी हुती की.

साठ-पासष्टच्या सुमाराला गल्लीत बस आली. कसबा बावड्यापास्नं रंकाळ्यापतोर नवी लाइन. तिच्यासाठी आमच्या तालमीच्या आकारामनं अर्जावर अर्ज केलं हुतं. अर्ज मंजूर झाला, तशी निम्मी गल्ली म्हणाय लागली, ही पीडा हितं कशाला? म्हशी कुठं बांधायच्या? बाजा कुठं टाकायच्या? रस्ता हाय म्हणून काय त्येच्यावरनं गाड्या न्यायच्या व्हय? आकारामचं म्हणणं, बस पायजेच, पण आमच्या तालमीच्या दारात थांबली पायजे, आणि पलीकडच्या तालमीच्या दारात थांबता कामा नये. असली आमची शहाणी जनता.

पहिल्या दिवशी हलगी लावली, हार आणला. आकारामनं बसच्या नाकावर नारळ हाणला, तर नारळ राह्यला शाबूत आणि दिव्याची काच फुटली. ड्रायव्हर खाली उतरला. आकारामनं हार घालाय हात वर केलं आणि तसंच ठेवलं. ड्रायव्हर म्हणजे नागाप्पा. मल्लव्वाचा जावई.

आता ह्या रत्नाचं सांगते. दोन वर्सांमागं रुद्राणीला बावड्यात दिली. लग्नात नागाप्पाच्या मामाला बांधलेल्या फेट्याला भोक निघालं. मुंगी जाईल एवढं. पण त्या घरानं त्यातनं हत्ती भाईर काढला. आमचा मान ठेवला न्हाय म्हणून नागाप्पानं पोरीला माहेरी धाडायचं बंद केलं. नागपंचमी न्हाय, दिवाळी न्हाय. मल्लव्वाला पोरगा न्हाय, मग पोरीला आणाय मुराळी म्हणून आकाराम दोनदा गेला, आणि दोन्ही बारीला पाणी पिऊन रिकामा आला. मल्लव्वा स्वतः जाणार कशी? बिनबोलावता जावयाच्या दारात सासूनं जायाची रीत न्हाय. बावडा काय मुलखाच्या पल्याड न्हाय, तरी त्या बाईला लेक दिसंना.

आणि आता त्योच जावई रोज सासूच्या दारावरनं गाडी घिऊन जाणार. मल्लव्वानं आम्हा सगळ्यांस्नी हात जोडलं. "त्येंच्यासंगं कुणी तोंड वाजवू नगा. यंदाच्या पंचमीला माझी लेक येऊ दे." झालं. मल्लव्वाचा जावई त्यो अख्ख्या गल्लीचा जावई झाला.

एरवी आमच्या गल्लीत कुणा ड्रायव्हरनं जादा हॉर्न मारला असता तर त्येला खाली वढून हॉर्न म्हणजे काय ते समजावलं असतं. नागाप्पा थांब्यावर थांबायचा न्हाय, लांब पुढं जाऊन थांबायचा. माणसं पळत सुटायची आणि म्हणायची, तेवढाच व्यायाम. त्यो अंगावर चिखल उडवायचा, आम्ही म्हणायचं, रस्ता साफ झाला. एकदा खिडकीतनं मारलेली पानाची पिचकारी आकारामच्या धोतरावर बसली, तर आकाराम म्हणतो कसा, पावण्यांचा नेम चांगला हाय. ह्याच आकारामनं, नुसतं रोखून बघितलं म्हणून एका टांगेवाल्याचा चाबूक मोडला हुता.

पावणा म्हटल्यावर चहा आलाच. रोज सकाळच्या फेरीला मल्लव्वा कपबशी घिऊन दारात हुबी. जावयाच्या समोर तोंड उघडायचं न्हाय, म्हणून पदर वढून ती कंडक्टरला सांगायची, "पिराजी, पावण्यांस्नी इचारा, पंचमीला धाडत्यात न्हवं?" पिराजी मान वळवून तेच पुढं सांगायचा. मधी वीतभर अंतर, नागाप्पाचं कान धडधाकट, पण ऐकायला कंडक्टर पायजे. त्यो बशीतला चहा फुरकायचा आणि पिराजीला म्हणायचा, "बघू म्हणावं."

चहा जरा कमी गोड झाला की गाडी बंद करून हाताची घडी घालून बसायचा. रुसायचा बगा. आत माणसं भरलेली, कुणाला कचेरीला उशीर, कुणाला दवाखान्याला, आणि हिकडं ड्रायव्हर रुसलेला. मग मी मशीन सोडून साखरेचा डबा घिऊन पळायची. पिराजी मागं वळून सांगायचा, "बसा मंडळी, चहा झाला की निघू." आणि मंडळी बसायची.

वैशाखात मल्लव्वानं लोकांच्या मिरच्या पोत्यावर वाळत घातल्या हुत्या, पार भिंतीला लागून. नागाप्पानं गाडी त्याच्यावरनंच घातली. काय सांगू तुम्हाला. गल्ली खोकाय लागली, गाडीतली माणसं खोकाय लागली, म्हशी दावं तोडाय लागल्या. नागाप्पा स्वतः खोकत खोकत म्हणाला, "रस्ता काय वाळवणाला हाय?" ते खरंच हुतं, म्हणून आणिकच राग आला. मल्लव्वानं डोळं पुसत माती-मिरची सगळी सुपात गोळा केली. ज्येच्या त्येच्या मिरच्या पदरमोड करून भरून दिल्या. आणि दुसऱ्या दिवशी, सुजलेल्या डोळ्यांनी चहा घिऊन परत दारात हुबी.

मी म्हणलं, "मल्लव्वा, त्या चहात कालच्यातली चमचाभर घाल की."

ती म्हणाली, "नजीराक्का, माझी लेक त्येच्या घरात हाय."

मी साखरेचा डबा आणाय घरात गेले.

पंचमीच्या आदल्या दिवशी निरोप आला. नागाप्पा तिथंच बसलेला, पण निरोप पिराजीच्याच तोंडनं. "धाडत न्हाय म्हणत्यात. फेटा अजून आठवतोय म्हणत्यात." पिराजी बिचारा सांगताना खाली बघत हुता. मल्लव्वानं कप माघारी घेतला, विसळला, आणि उंबऱ्यावर बसून राह्यली. एवढ्या दिवसांचा चहा, माझी साखर, आकारामचं धोतर, सगळं गेलं गटारात. आकाराम म्हणाला, आता काचा फोडू या. मल्लव्वानं नुसता हात हालवला, नगं म्हणून.

पंचमीच्या सकाळी मी तिच्याकडं गेले. तिनं दिंडं उकडाय ठेवली हुती. कुणासाठी, ते तिलाबी ठावं न्हवतं. तवर गाडीचा हॉर्न आला आणि बाईनं कपबशी उचलली. मला असला संताप आला म्हणता. "अजून?" मी म्हणलं.

"पुढच्या वर्साला बी पंचमी हाय की," ती म्हणाली.

लेक धाडत न्हाय म्हणणाऱ्याची गाडी चहाला मात्र दारात थांबली. मागच्या दारानं चार माणसं उतरली, आणि शेवटाला रुद्राणी. काखेत गठुडं. नवऱ्याच्याच गाडीत बायकांच्या घोळक्यात मागं बसून आली हुती, आणि पुढं बसलेल्या शाण्याला पत्ता न्हाय. तिकीट फाडताना पिराजीनं वळखलं नसंल, असं मला तरी वाटत न्हाय.

नागाप्पानं आरशात बघितलं. गाडी बंद केली. खिडकीतनं डोकं भाईर काढून म्हणाला, "चढ वर."

ती हालली न्हाय. मग त्येनं हाताची घडी घातली आणि रुसला. सवयीनं अख्खी गल्ली माझ्याकडं बघाय लागली, साखरेसाठी. मी जाग्यावरनं हालले न्हाय. जळली ती साखर. गाडीत कुरकूर सुरू झाली. पिराजीचा हात घंटीच्या दोरीकडं जायचा आणि माघारी यायचा.

रुद्राणीनं गठुडं आईच्या हातात दिलं, मागच्या पायरीवर एक पाय ठेवला, आत हात घातला आणि दोरी वढली. टण टण. दोन घंट्या म्हणजे चला. ती पाय काढून खाली आली तवर नागाप्पाचं हातपाय आपसूक कामाला लागलं हुतं. नोकरीची सवय हो, बायकोचं कधी ऐकलं न्हाय, घंटीचं ऐकलं. आपण कुणाच्या हुकमानं निघालो, हे त्येला कोपऱ्यावर वळल्यावर कळलं असंल.

आनंद व्हायच्या आधी मल्लव्वाला भ्या वाटलं. तिनं लेकीला हळूच इचारलं, "पावण्यांस्नी इचारून आलीस न्हवं?"

"कंडक्टरला इचारलं, अव्वा," रुद्राणी म्हणाली. "दहा पैसं म्हणाला."

मल्लव्वानं कपबशी आणि गठुडं उंबऱ्यावर ठेवलं. मग भर रस्त्यात लेकीच्या गळ्यात पडून रडाय लागली, आणि मी बी. मागं एक टांगा अडला हुता. अडू दे म्हणलं.